आईच्या आठवणीतलं डिप

लेकाच्या व्हिडिओचं शूटिंग सुरू झालं की आईनं आतल्या खोलीत दार लावून बसायचं आणि मुख्य म्हणजे खोकायचं नाही. त्या दिवशी तो ॲव्होकॅडोचं डिप करत होता. पिकलेली दोन फळं काट्यानं कुस्करून त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि लिंबू पिळता पिळता स्वारी कॅमेऱ्यासमोर एकदम हळवी झाली.

“लिंबू लगेच पिळायचं, नाहीतर काळं पडतं, असं आई सांगायची.”

‘सांगायची’ काय? सकाळीच तर सांगितलं मेल्याला! आई आत गालातल्या गालात हसली.

संध्याकाळी तिनं मोबाइल उघडला, तर व्हिडिओखाली कॉमेंटची ही भलीमोठी रांग. “आई जिथं असतील तिथून बघत असतील, दादा.” “माउलींच्या आत्म्यास शांती लाभो.”

ती तरातरा बाहेर आली. “अरे, मी जिवंत आहे म्हणून सांग की लोकांना!”

“सांगू गं नंतर,” मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला. “आजवर एवढ्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं. उद्या तुझ्या आठवणीतलं सूप करतोय, त्यात काय काय घालायचं तेवढं सांगून ठेव.”



दुसऱ्या दिवशी आईनं कुणी न सांगताच दार लावून घेतलं आणि खोकल्याची उबळ आली तशी तोंडावर उशी दाबून धरली. गेलेल्या बाईनं खोकून कसं चालेल?