चौदा मेचं कात्रण

परातीतल्या कोमट पाण्यात कात्रण हळूच सुटलं आणि उलटं होऊन वर आलं. कृष्णातनं ते दोन बोटांनी उचलून पंच्यावर पसरलं. वहीच्या पानाला चिकटलेली ती बाजू चाळीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

हा उद्योग स्वप्नालीनं लावून दिला होता. जुन्या मराठी चित्रकथा गोळा करणारी ही पुण्याची बाई त्याला फेसबुकवर भेटली. कृष्णातच्या लहानपणी पेपरात एका वैमानिकाची चित्रमालिका यायची, रोज तीन चौकटी. तिचे सगळे भाग एकट्या कृष्णातकडं निघाले. सात वह्या, खळीनं चिकटवलेल्या, प्रत्येक भागाखाली पेन्सिलीनं तारीख. खळ कागद खाते, आधी कात्रणं सोडवून घ्या, असं तिनं दोनदा फोन करून बजावलं होतं. म्हणून दूध संघाला सुट्टी असलेल्या रविवारी तो शिवाजी पेठेतल्या घराच्या सोप्यात परात घेऊन बसला होता.

मागच्या बाजूला छोट्या जाहिराती होत्या. त्या वाचता वाचता तो चित्रं विसरून गेला. लुना विकणे आहे, एकहाती वापर. शिलाई मशीन पाहिजे, पायाची. कुणाचा तरी तांबडा कुत्रा रंकाळ्यावर चुकला होता, त्याला बिस्किटाशिवाय काही चालत नव्हतं. कॉलेजात असताना कृष्णातनंही अशीच एक जाहिरात दिली होती, दोनशे बारावा भाग पाहिजे म्हणून. सांगलीच्या एका अनोळखी मास्तरांनी तो पाकिटात घालून पाठवला होता. असली माणसं गेली कुठं, असं मनाशी म्हणत त्यानं पुढचं कात्रण उलटं केलं.

चौदा मे एकोणीसशे पंच्याऐंशी. मागं चार ओळी होत्या.

‘ती. सौ. आईस, मी व दानेश्वरी निपाणीस सुखरूप आहोत. आपण बोलावल्याशिवाय येणार नाही. निरोपाची वाट पाहतो. सिद्धाप्पांची चाळ, तंबाखूच्या वखारीमागे. अमरसिंह.’

कृष्णातनं त्या ओळी परत वाचल्या. मग परत.

अमरसिंह त्याचा थोरला भाऊ. पलीकडच्या गल्लीतल्या लिंगायतांच्या दानेश्वरीला घेऊन तो त्याच वर्षी शिमग्यात पळून गेला होता. वडिलांनी, आबांनी, घरात त्याचं नाव काढायचं बंद केलं. आईला अक्षरओळख नव्हती, पण थोरली बहीण आक्का तिला रोज दुपारी पेपर वाचून दाखवायची. हे अमरसिंहाला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं पेपर धरला असणार. दोन वर्षं आई दाराकडं डोळे लावून होती. मग गेली. तिच्या निधनाची बातमी फोटोसकट त्याच पेपरात दिली, तरी हा आला नाही. दहाव्याला भावकी म्हणाली, पोराच्या काळजाचा दगड झालाय. कृष्णातलाही ते पटलं होतं. पुढं अमरसिंह हुबळीत वारला, तेही तिऱ्हाइताकडनं कळलं.

आणि आता हे चार बोटांचं कात्रण.

घरात शिस्त होती की चित्रं दुसऱ्या दिवशी कापायची, सगळ्यांचं वाचून झाल्यावर. एकदाच ती मोडली होती, त्याच चौदा मेला. आक्काच्या लग्नाची धांदल चालली होती, पेपर आला तसा सकाळीच कापला गेला, आणि संध्याकाळी ते भोक बघून आबांनी कानाखाली वाजवली होती. त्या दिवशीची चपराक तेवढी कृष्णातच्या लक्षात राहिली होती.

कात्रण वाळेपर्यंत तो तिथंच बसून राहिला. मग ते खिशात घालून त्यानं गाडी काढली आणि मंगळवार पेठेत आक्काकडं गेला. नवऱ्यामागं आक्का तिथं लेकाजवळ राहायची. ती दारात गहू निवडत बसली होती. त्यानं कात्रण तिच्या हातात दिलं.

“आईपत्तोर हे पोचलंच न्हाय, आक्का,” तो म्हणाला. “मी कापलं.”

आक्कानं कात्रण उलटं केलं. चष्मा शेजारी पडला होता, तो तिनं घातला नाही.

“कापलंस तू. पण कात्री मी दिलती.”

मग तिनं सांगितलं. लग्न चार दिवसांवर आलं होतं. शाहूवाडीकडचे पावणे बजावून गेले होते की तो पळालेला भाऊ मांडवात दिसला तर वऱ्हाड माघारी जाईल. त्या पहाटे पेपर आधी तिच्याच हाती पडला. आईला कळलं असतं तर ती आबांना न विचारता निपाणीची गाडी धरून गेली असती आणि त्याला मांडवात घेऊन आली असती. म्हणून आक्कानं धाकट्याला हाक मारली आणि आजची चित्रं आत्ताच काप म्हणून सांगितलं. अक्षता पडल्या की आईला सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. अक्षता पडल्या आणि तिचा धीर सुटला. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मात्र तिला राहवेना. जोतिबाला जाते म्हणून ती घरातनं निघाली आणि निपाणीच्या एसटीत बसली. पत्ता पाठच होता.

भेटला का, असं कृष्णातनं विचारलं.

“भेटला की. दानेश्वरीनं च्या केला.” आक्काचा हात गव्हात तसाच राहिला. “आई काय म्हणली, असं इचारलं त्यानं. आई काय बोलली न्हाय, एवढंच सांगून आले मी.”