ओला टॉवेल

“आई, खरं सांग हं. तुला जास्त कोण आवडतं, मी की सृष्टी?”

विचारून टाकलं एकदाचं! मैत्रिणींनी व्हिडिओ कॉलवर डिवचलंच होतं, ‘तुझी काय टाप आहे विचारायची!’ उत्कर्षाची टाप होती. हल्ली तिची कशाचीही टाप होती.

शर्मिलाने कुकरचं झाकण लावलं आणि गोड हसली. “हा काय प्रश्न झाला, बाळ? दोघी सारख्याच. थंडगार मस्तानी मागवू का तुला?”

मस्तानी! म्हणजे विषय संपला.

सदाशिव पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये यंदाची मे महिन्याची सुट्टी सिनेमाने गिळली होती. सिनेमात शर्मिला एकटीने मुलीला वाढवणारी आई होती. पोरगी बिथरलेली, शाळा बुडवणारी, खोटं बोलणारी, शेवटी घरातून पळून जाणारी. दिग्दर्शक रविराजसरांची कामाची रीतच निराळी. पडद्यावरच्या मायलेकींनी शूटिंग संपेपर्यंत एकाच घरात राहायचं. लेकीने ताई, मॅडम असलं काही म्हणायचं नाही. कॅमेरा बंद असला तरी ‘आई’च.

त्यामुळे घरात पोरी दोन आणि दोघींची आई एकच. उत्कर्षाचा नुसता जळफळाट.

कारण आई ओरडायची ती फक्त सृष्टीवर. “सृष्टे, ओला टॉवेल पलंगावर? उचल आधी! घर आहे की धर्मशाळा?” सृष्टी “हो गं, उचलते ना” म्हणत खुशाल फ्रीज उघडायची, अगदी बापाचं घर असल्यासारखी. मग आई तिच्या पाठीत धपाटा घालायची आणि त्याच हाताने तिची बट कानामागे सारायची.

असा धपाटा उत्कर्षाला एकदाही मिळाला नव्हता.

एका सकाळी तिने मुद्दाम आपला चांगला निथळता टॉवेल आईच्या उशीवर टाकला आणि दाराआड उभी राहिली. आई आली. तिने टॉवेल उचलला, झटकला, दोरीवर वाळत घातला.

“असू दे गं बाळ, होतं असं,” एवढंच म्हणाली.

उत्कर्षा बाथरूममध्ये जाऊन रडली. नळ सोडून. सृष्टीला ऐकू जाऊन चाललं नसतं.

शूटिंगचा शेवटचा दिवस आला. आज एक मुलगी या घरातून जाणार होती. उरेल तिच्या वाट्याला सगळे धपाटे!

शेवटचं दृश्य हॉलमध्येच झालं. परत आलेल्या लेकीला आईने अशी काही मिठी मारली, की लाइटवाल्या संतोषदादानेही नाक ओढलं. ‘कट’ झाल्यावर आई डोळे पुसत सोफ्यावर टेकली आणि सृष्टीने तिच्या मांडीवर डोकं टाकलं. उत्कर्षाने तोंड फिरवलं.

“पॅकअप!” रविराजसर ओरडले. “नियम संपला बरं का, आता ज्याची आई त्याला! पण दिवाळीत पुढचा सिनेमा. याच मायलेकी, याच घरात!”

उत्कर्षाने कपाळाला हात लावला. परत हेच सगळं?

तेवढ्यात बेल वाजली. दारात संजय आणि तनुजा उभे होते, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये शिजून निघालेले. लेकीला न्यायला आले होते. संजयने सगळ्यांना नमस्कार केला. तनुजाने थेट दाराजवळच्या बॅगेची चेन ओढली.

“हे काय? ओला टॉवेल कोंबलाय कपड्यांत! सगळं कुबट झालं की! अक्कल गहाण ठेवलीस का गं कुठे?”

आणि अख्ख्या युनिटसमोर सणसणीत धपाटा बसला, तो उत्कर्षाच्या पाठीत.

पाठ चोळत, डोळ्यांत पाणी येईतो हसत ती त्या दोघांना म्हणाली, “आई, बाबा, मी ठरवलंय. दिवाळीतला सिनेमा मी करणार नाही. चला घरी!”