पालथी थाळी

जंगलातल्या सेवामंडळात कुणी कुणावर ओरडत नसे. ओरडणं म्हणजे हिंसा. कार्यकर्त्याचं काही चुकलं, तर प्रमुख गुणवंतराव भात वाढण्याआधी आपली थाळी पालथी घालत, मग सारी पंगत उपाशी राही. तिथं मनकर्णा तीन वर्षं परिचारिका होती. दुपारच्या पंगतीत तिनं विचारलं, "भाऊ, माय बहुत आजारी आहे. दोन दिवस नागभीडले जाऊन येऊ का?" गुणवंतराव हसले. "जा ना बाई. तुझ्या वाट्याचा उपास मी करतो." त्यांची थाळी पालथी झाली. मग शेजारची, मग समोरची. सगळे तिच्याकडे पाहत राहिले. "नाई जात," ती म्हणाली. थाळ्या सरळ झाल्या. आठवड्यानं माय गेल्याचं पत्र आलं. पावसाळ्यात नव्यानं आलेल्या बुधरीनं विचारलं, "भाऊ, लेकराले ताप आहे. घरी जाऊ?" गुणवंतरावांचा हात हलण्याआधीच मनकर्णाची थाळी पालथी झाली होती.