मथुराबाईंच्या पोवळ्याचा घाट

"काका, आई म्हणते, हे ते नव्हे."

दिग्विजयने अंगठीची डबी काउंटरवर ठेवली आणि नागोरावांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. पुन्हा! रविवार पेठेतल्या त्या वीतभर दुकानात बसून त्यांनी आयुष्यभर खडे घासले होते. पुष्कराज घासले, गोमेद घासले, पोवळ्यांची तर गणतीच नाही. पण इतकं डोकं पिकवणारं पोवळं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

"मग होतं तरी कसं ते? बोल की बाबा!"

"कणकेच्या नमुन्यासारखंच होतं म्हणते."

कणीक! सगळा वैताग तिथूनच सुरू झाला होता. स्वारगेटला बसमध्ये चढताना मथुराबाईंची पोवळ्याची अंगठी बोटातून निसटली ती गेलीच. अगदी तसंच पोवळं हवं म्हणून त्यांनी कणकेचा नमुना घडवून, स्टीलच्या डबीत घालून लेकाबरोबर पाठवला. दुकानात येईतो तो वाळून भेगाळला. आणि त्याला धड आकार तरी असावा! एक अंग फुगीर, दुसरं खाली बसलेलं, मधे एक तिरकी घळ.

नागोरावांना घाटांची भारी मिजास. कुठलाही खडा दाखवा, त्याचा घाट कुठून आला ते सांगणारच. पोवळं लांबट का, तर ते समुद्रात फांदीसारखं वाढतं, फांदीचे तुकडे लांबटच निघायचे. तिकोनी का, तर मंगळाचं यंत्र तिकोनी. थेंबासारखा घाट का, तर मुळात निमुळता असलेला दगड उगाच कोण कापून वाया घालवील? प्रत्येक घाटाला बाप असतो, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. ह्या घाटाला मात्र बापच सापडेना.

"अरे, कुण्या शिकाऊ माणसाने चाकावर धरून बिघडवलेला माल असणार तो," ते करवादले. "मी सुबक लंबगोल करून देतो. मातोश्रींना म्हणावं, गुमान घाला."

"तसं नाही हो काका. अंगठी हरवल्यापासून तिला झोपच नाही. सकाळी मी कामावरून येतो तेव्हा खुर्चीत बसलेलीच असते. आजारी पडेल अशाने. प्लीज."

पोरगा रडकुंडीला आला होता. नागोरावांनी कपाळावर हात मारला.

"मग निरोप पुरे झाले. त्यांनाच घेऊन ये."

मथुराबाई खडकीहून मोटारसायकलवर मागे बसून आल्या. पायरी चढून स्टुलावर टेकल्या आणि हात पुढे केला. दिग्विजय बाहेर गाडीपाशीच थांबला. नागोरावांनी वेड्यावाकड्या घाटाच्या होत्या तेवढ्या पोवळ्याच्या अंगठ्या काउंटरवर मांडल्या. बाई एकेक बोटात घालायच्या, अंगठ्याने चाचपायच्या आणि काढून ठेवायच्या. नजर मात्र रस्त्यावर.

"अहो बाई, बघा तरी!"

"बघायचंय काय त्यात? अंगठा बसत नाही."

"अंगठा? अंगठी बोटात घालतात आमच्याकडे!"

"तुमच्याकडे घालत असतील."

नागोरावांचा पारा चढला. त्यांनी हातातलं फडकं भिरकावलं. "बाई, तुमचं ते पोवळं कुठल्या थोर कारागिराने घासलं होतं, तेवढं सांगा. त्याच्या पायांवर डोकं ठेवून येतो!"

"घासलंय कुणी?" मथुराबाई म्हणाल्या. "सासूबाईंनी माझ्या बोटात घातलं तेव्हा चांगलं गोल होतं. ह्यांना दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी असायची. हे गेले की मी खुर्चीत. रस्त्यावर टायर फुटो, कुणाच्या वरातीत फटाका वाजो, छातीत धस्स व्हायचं आणि अंगठा आपला पोवळ्यावर. सकाळी ह्यांच्या सायकलची घंटी ऐकेपर्यंत घासत बसायचे. सगळी नोकरी अशीच गेली."

त्यांचा उजवा अंगठा रिकाम्या बोटावर फिरतच होता. नागोरावांनी तो आता कुठे पाहिला. शिकाऊ माणूस म्हणून आपण कुणाला नावं ठेवली ते त्यांना उमगलं आणि कानशिलं तापली.

"पण साहेब आता रिटायर झाले असतील ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"झाले की. रात्रभर घोरतात."

"मग आता कसली काळजी, बाई?"

मथुराबाईंनी रस्त्याकडे बोट केलं. दिग्विजय मोटारसायकलला किक मारमारून घामाघूम झाला होता.

"हा जातो आता रात्रपाळीला. हडपसरला. अमेरिकेचे फोन घ्यायला."

कणकेची डबी नागोरावांनी झाकण लावून बाईंना परत दिली. काउंटरवरच्या अंगठ्या एका हाताने बाजूला सारल्या. मग खणातून एक नवीकोरी पोवळ्याची अंगठी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"अहो, हे तर गोल आहे!"

"गोलच न्या," नागोराव म्हणाले. "तो घाट साहेबांचा होता. पोराचा तुम्हाला अजून पाडायचाय."