हाताला गाडी

"यापुढे एकाही गुणवंताला भंगार गाडीत कुजू देणार नाही!" शर्यत महासंघाचे अध्यक्ष गरजले, आणि टाळ्या थांबायच्या आत त्यांची स्वतःची गाडी ढकलायला चौघांना बोलवावं लागलं.

इंद्रजित सासनेला मात्र शब्द पटला. कित्येक हंगाम तो वळणावर भल्याभल्यांना गाठायचा, आणि सरळ रस्ता लागला की त्याच्या रखडत्या गाडीला सगळे हसत मागे टाकायचे. "तुझ्या हाताला पहिल्या नंबरची गाडी देतो," अध्यक्ष म्हणाले. त्यासाठी आधी मेंदूतलं कसब नोंदवायचं म्हणून महासंघानं यंत्र आणलं, आणि इंद्रजितनं खुशीत त्याखाली डोकं दिलं.

शर्यतीत पहिल्या नंबरच्या गाडीत खरोखरच त्याचा हात होता. गाडी चालवायचं ते कसब यंत्रानं त्याच्या मेंदूतून काढून अध्यक्षांच्या भाच्याच्या मेंदूत बसवलं होतं. प्रेक्षकांत बसलेल्या इंद्रजितनं प्रत्येक वळण ओळखलं. भाचा जिंकला.

"काय हात आहे रे तुझा!" अध्यक्षांनी इंद्रजितच्या पाठीवर थाप मारली.

"पण साहेब, मी?"

"तुझं काय? गुणाचं चीज झालं की!"

बाहेर इंद्रजित आपल्या स्कूटरपाशी बराच वेळ घुटमळला. मग परत आला.

"साहेब, कुणाला तरी मला घरी सोडायला सांगता का? ब्रेक कुठला, ते आठवंना झालंय."