मार्शलसाहेबांसाठी एक मत

“माझा नवरा छाती उघडून घेऊन पडलाय, आणि तुला त्याचं मत हवंय?” मॉरीन एंटविसल फोनवर कडाडली. “लाज कशी वाटत नाही गं तुला?”

हेदर पिल्बीमला लाज वाटत होती. पण मतदान आज संध्याकाळी होतं आणि लाज वाटून घ्यायला उद्याचा अख्खा दिवस मोकळा होता.

“मॉरीन, वॉल्टरला अँब्युलन्समधून उतरायचंसुद्धा नाहीये. आजारी खासदार संसदेच्या आवारात असला की त्याचं मत धरतात. दोन्ही पक्षांच्या प्रतोदांनी येऊन तो जिवंत आहे एवढं बघायचं, की झालं.”

“आणि वाटेत गचकला तर?”

“तर नाही धरत,” हेदर बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पलीकडे फोन आपटला.

सगळा घोळ त्या मार्शल तोख्तानचा. त्याच्या देशात जमिनीखाली गॅस आणि जमिनीवर तुरुंग. तिथले निम्मे पत्रकार आत होते, उरलेले निम्मे लंडनला पळून आले होते आणि सकाळपासून संसदेच्या फाटकाशी ढोल बडवत होते. पुढच्या महिन्यात मार्शल येणार, दोन्ही सभागृहांपुढे भाषण करणार, असं पंतप्रधानांनी हौसेनं जाहीर केलं होतं. तेव्हापासून वर्तमानपत्रं त्यांना रोज सोलून काढत होती. विरोधकांनी ठरावच आणला, निमंत्रण मागे घ्या. तो पाडायला आपली माणसं गोळा करायची, हे काम उपप्रतोद म्हणून हेदरच्या गळ्यात पडलं होतं.

गळ्यात कसलं, तिने ते आनंदाने घेतलं होतं. मागच्या महत्त्वाच्या मतदानात तिची माणसं खाली जेवत बसली, मतदानाची घंटा कुणाला ऐकूच आली नाही, आणि सरकार तोंडावर आपटलं. आता आपली खुर्ची गेली, असंच ती धरून चालली होती. पण सोमवारी मुख्य प्रतोद डेनिस गारसाइड यांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, “हे काम तुझ्याकडेच देतोय, हेदर. माझा पूर्ण भरवसा आहे तुझ्यावर.” तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं होतं. आज हरलो तर जन्मभर मागच्या बाकावर, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि इथे बघावं तर कुणालाच कशाचं काही नाही!

“परराष्ट्रमंत्री कुठे आहेत?” दुपारी तिने गारसाइडना विचारलं.

“पेरूला गेलेत. पंतप्रधानसाहेबांनीच पाठवलंय.”

“आज? आणि आपले ते चौघं खासदार?”

“स्कॉटलंडला, लग्नाला. मीच दिली रजा.” गारसाइड संत्रं सोलत होते. “लग्न काय रोज होतं का?”

“नवऱ्या मुलाचं तिसरं आहे, डेनिस!” हेदरचा आवाज चढला. “निदान पंतप्रधानांना चार फोन करायला सांगा. काठावरचे सगळे वळतील.”

“साहेब कामात आहेत. तू इतकं जिवाला लावून घेऊ नकोस. व्हायचं ते होईल. संत्रं घे.”

तिने संत्रं घेतलं नाही. यांचं सरकार, यांचा पाहुणा, आणि घाम मात्र माझा, असं पुटपुटत ती बाहेर पडली.

मग तिने कुणाचीच गय केली नाही. एकाला दंतवैद्याच्या खुर्चीतून अर्धवट दातानिशी उठवून आणलं. एकीच्या आईला फोन केला आणि आईकडून तिला झापून घेतलं. एकजण तर सभागृहाबाहेरच्या लॉबीतच अडून बसला. म्हणाला, “तो मार्शल नीच माणूस आहे.”

“आहेच. माझंही तेच मत आहे. चला आत.”

“मग त्याच्यासाठी एवढी धावपळ का करतेयस?”

“त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी करतेय. चला म्हटलं ना!”

आणि शेवटी अँब्युलन्स आली. मॉरीनने दार उघडलं, हेदरकडे बघितलंसुद्धा नाही. आत वॉल्टर एंटविसल नाकात नळी घालून पडले होते. चेहरा राखेसारखा झाला होता. या माणसाला काही झालं तर आपण स्वतःला कधी माफ करणार नाही, असं हेदरला वाटलं, आणि तरीही तिने त्यांना परत पाठवलं नाही.

“पोरी,” वॉल्टर कसेबसे म्हणाले, “पक्षाने बोलावलं आणि मी आलो नाही, असं कधी झालं नाही.”

विरोधी पक्षाचा प्रतोद फर्गस डून आत डोकावला. “जिवंत आहात ना, वॉल्टर?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

“झालं का बघून?” मॉरीन म्हणाली. “दार लावा. गार वारा येतोय.”

संध्याकाळी सभापतींच्या समोर आकडे वाचले गेले. विरोधकांचा ठराव एका मताने पडला.

सरकारी बाकांवर क्षणभर कुणाला काय करावं सुचेना, मग कुणीतरी ओरडलं आणि सगळेच ओरडले. हेदर खांबाला टेकून उभी राहिली. एका मताने! वॉल्टरच्या मताने! तिने आधी आवारात जाऊन अँब्युलन्स नीट मार्गी लावली, मॉरीनच्या शिव्या मुकाट्याने ऐकल्या, आणि मग जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत गारसाइडांच्या खोलीकडे निघाली. आता तरी शाबासकी द्या म्हणावं.

दार अर्धवट उघडं होतं. आत ते फोनवर बोलत होते. बोलणं संपू दे म्हणून ती हसत बाहेरच थांबली.

“हो साहेब, एकाच मताने... खरंय, सभागृहच नको म्हणतंय असं मार्शलला कळवता आलं असतं, आता कुठल्या तोंडाने कळवणार... नाही साहेब, माझ्याकडून कसूर नव्हती हो, हरायचं म्हणून तर मुद्दाम हेदरला काम दिलं होतं.”