टर्बोसाठी एक मिनिट

"बॉनेट उघडायचंय ना? उघडा की. त्यासाठीच तर आणलीय," सेत्सुए कुवाबारा म्हणाली आणि तिने गाडीची किल्ली मुराकोशीच्या हातावर ठेवली.

इनावाशिरो तळ्याकाठच्या वाहनतळावर त्या रविवारी सकाळी बारा सेइरान टर्बो गाड्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्यांची बॉनेटं वर. पाचरीसारखं निमुळतं तोंड, झाकणाखाली दडलेले दिवे, दोनच दारं. एके काळी ही गाडी गेली की लोक वळून बघायचे. आता साऱ्या देशात पन्नासेक उरल्या असतील.

तेरावी आली ती सेत्सुएची. पांढरीशुभ्र, मागे लाल अक्षरांत 'टर्बो', आणि नंबरप्लेटच्या माथ्यावर जुन्या पद्धतीचे दोनच आकडे. मालक बदलला की नवी तीन आकडी पाटी येते; म्हणजे गाडीने जन्मात घर बदललेलं नाही. मंडळींनी तेवढं बघूनच माना डोलावल्या होत्या.

मुराकोशी हा या गाड्यांच्या क्लबचा प्रमुख, निवृत्त पोस्टमन. वीस वर्षं तो सेत्सुएच्या नवऱ्याला, तोकुजीला, मेळाव्याचं आमंत्रण पाठवत होता. वीस वर्षं सुवाच्य अक्षरात दिलगिरी येत होती.

"दर वर्षी म्हणायचे, कंबर धरलीय," सेत्सुए म्हणाली. "आणि त्याच कमरेने संध्याकाळी वाकून गाडी पुसायचे! यंदा वसंतात गेले. म्हटलं, आता मीच घेऊन जाते."

"बरं केलंत, वहिनी."

इगाराशी मध्येच घुसला. शेवयांचं दुकान चालवणारा, पंचेचाळिशीचा, जिभेला हाड नसलेला गडी. "काकू, माझ्या वडिलांनी टर्बो पहिल्यांदा जागा केला ना, तेव्हा माझ्या मांडीवरचा डबा थेट छातीवर आला. लोणच्याचा तो डाग आईने आजतागायत माफ केलेला नाही."

"माझी बायको तर म्हणाली, आत्ताच्या आत्ता उतरवा मला," मुराकोशी हसला. "लग्नाआधीची गोष्ट. नाही उतरवलं, म्हणून तर लग्न झालं."

सेत्सुएही मागे राहणारी नव्हती. "तेहेतीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत ही पहिली. घरी आणली त्या दिवशी समोरच्या ओबाता वहिनी नाक उडवून विचारतात, साधीच ना? मी म्हटलं, साधी कशाला, टर्बो! हे काही बोलले नाहीत. यांचं बोलणं मोजकंच. पण रोज कारखान्यातून आले की दारात गाडी लावायची आणि मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसून राहायचं. पाऊस असो, बर्फ असो. ओबाता वहिनी त्या आवाजावर भात लावायच्या."

"बरोबरच आहे. टर्बो तापलेला असतो, लगेच बंद करायचा नसतो," इगाराशी म्हणाला. "पळून आलेल्या घोड्याला कोणी लगेच दावणीला बांधतं का? काका खरे जाणकार!"

मुराकोशीने बॉनेट उचललं.

इंजिन असं लखलखीत होतं की त्यावर जेवावं. पण टर्बोचा शंखासारखा गोल भाग जिथे असायला हवा, तिथे काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेतून खालची जमीन दिसत होती. ही साधी सेइरान होती. तो मागे जाऊन लाल अक्षरं बघून आला. शेवटचं जरा खाली घसरलं होतं. हाताने चिकटवलेलं.

कंबर का दुखायची, ते त्याला आत्ता कळलं. बिचारा तोकुजी! तेहेतीस वर्षं बायकोला फसवत राहिला, आणि ही बाई इथे मान ताठ करून उभी आहे. आता कोणी एक शब्द बोललं, की तिचा नवराही गेला आणि त्याचा मानही.

इगाराशीने त्याच्या खांद्यावरून डोकावलं. त्याचा जबडा खाली आला. मुराकोशीने त्याच्या पायावर पाय दिला.

"काय झालं?" सेत्सुए पुढे आली. "त्याचं असं आहे, मला तुम्हाला..."

"काही नाही, वहिनी. काय जपलंय इंजिन! बघतच राहिलो."

"नाही, मला सांगायचं होतं की..."

"टर्बो असावा तर असा!" इगाराशी एकदम ओरडला. ओळीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

फोटोची वेळ झाली. क्लबचा फोटो नेहमी बॉनेटं उघडी ठेवूनच निघायचा. इगाराशी तर त्यासाठी आठवडाभर आपलं इंजिन घासत बसे. पण तोच आपल्या गाडीपाशी गेला आणि त्याने बॉनेट खाली केलं. "यंदा मिटून," तो म्हणाला. "तोकुजी काकांच्या मानासाठी."

दोघांतिघांनी सेत्सुएच्या गाडीच्या बॉनेटखाली डोकावून पाहिलं. धाड, धाड, एकामागून एक बाराही बॉनेटं मिटली. तेरावं मुराकोशीने स्वतः, अगदी हलक्या हाताने मिटलं आणि ती गाडी ओळीच्या मधोमध नेऊन लावली. आपल्या माणसांचा इतका अभिमान त्याला कधीच वाटला नव्हता. सेत्सुए त्या मिटलेल्या बॉनेटांकडे बराच वेळ बघत राहिली. मग सगळ्यांसमोर खूप खाली वाकली.

संध्याकाळी ती गल्लीत शिरली. समोर ओबाता वहिनी कुंड्यांना पाणी घालत होत्या. सेत्सुएने दारात गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. शेजारच्या सीटवर तोकुजीचा फोटो होता.

"अहो, खरं सांगायलाच गेले होते," ती म्हणाली. "पण ती माणसंही तुमच्यासारखीच निघाली. बोलूच देईनात."

ओबाता वहिनींनी हात हलवला. तिनेही हलवला. घड्याळाचा सेकंदकाटा अर्ध्यावर आला होता.

"थाप मारली मी, अक्षरं चिकटवली मी, आणि तेहेतीस वर्षं रोज मिनिटभर इथे बसून राहिलात मात्र तुम्ही."